बिनदुधाचं जेवण हे श्रीमंतांचं खूळ नव्हे!

नाशिककर मित्रमैत्रिणींनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

गेले काही महिने बघतेय, कुणी ‘व्हेगन’ हा शब्द नुसता उच्चारला तरी आपल्या गावातल्या ग्रुपांवर दोन फौजा उभ्या राहतात. एक फौज म्हणते, “ही गोऱ्यांची थेरं. पैसा जास्त झाला की असलं काहीतरी सुचतं.” दुसरी फौज बदामाच्या दुधाच्या कॉफीचा फोटो टाकते आणि बाकीच्यांकडे असं बघते, जणू आपण सगळे अजून गुहेत राहतो. भांडण जोरात चालतं. पण गंमत बघा, एका गोष्टीवर या दोघांचंही एकमत आहे: बिनदुधाचं खाणं बाहेरून आलंय आणि ते महाग असतं.

हे साफ खोटं आहे. या खोट्यावर काहींचा धंदा चालतो, काहींचं राजकारण चालतं. आणि ज्या बायकांनी हे जेवण पिढ्यान्‌पिढ्या रांधलं, त्यांच्या वाट्याला ना श्रेय येतं ना पैसा. म्हणून लिहितेय.

आधी शब्दाचा अर्थ. व्हेगन म्हणजे प्राण्यापासून आलेलं काहीच नाही. मांस, मासे, अंडी नाहीत. दूध, दही, तूप, लोणी आणि मधही नाही. झालं. यात ना बदाम सक्तीचा आहे, ना ॲव्होकाडो.

आता आपल्या जिल्ह्याचं रोजचं ताट आठवा. बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, पिठलं, हुलग्याची शेंगोळी, मटकीची उसळ, वांग्याचं भरीत, कांद्याच्या पातीचा झुणका. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या बाजूला गेलात तर नागलीची भाकरी, उडदाची डाळ, खुरसणीची चटणी आणि पावसाळ्यात रानभाज्या. यात दुधाचा थेंब कुठे आहे? फोडणी तेलाची. दाटपणा शेंगदाण्याच्या कुटाचा, तिळाचा, नाहीतर भाजलेल्या खोबऱ्याचा. आपला काळा मसाला ज्या रश्श्यात पडतो, त्याला क्रीम लागत नाही.

नाशिकची मिसळ घ्या. दह्याची वाटी बाजूला ठेवा आणि पावात दूध पावडर नाही ना, एवढं विचारून घ्या. बाकी मटकी, रस्सा, फरसाण, कांदा, लिंबू, नागलीचा पापड. ज्या पदार्थासाठी मुंबई-पुण्याचे लोक शनिवार-रविवारी गाड्या काढून येतात, तो जवळजवळ सगळा व्हेगन आहे. आणि कोणत्याही मिसळवाल्यानं पाटीवर तसं लिहिलेलं नाही!

एकादशीचं घ्या. भगर आणि शेंगदाण्याची आमटी. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी दिंड्या येतात, तेव्हा भगर-आमटी खाणाऱ्या वारकऱ्याला “काय माउली, फॅड करताय का?” असं कुणी विचारलंय?

सण घ्या. पुरणात हरभऱ्याची डाळ आणि गूळ असतो. दूध-तूप येतं ते वाढताना. तिळगूळ, शेंगदाण्याचे लाडू, आखाजीचा आमरस. आणि चहा? ज्या घरात दूध नसायचं, तिथे आल्या-गेल्याला कोरा चहाच मिळायचा, आणि बाई तो देताना संकोचायची. तोच आज काचेच्या कपात, लिंबाची चकती लावून, तिप्पट किमतीला मिळतो.

आता कुणीतरी म्हणणारच, “आपली संस्कृती दूध-तुपाची.” बरं. कुणाच्या घरची? ज्यांच्या गोठ्यात दुभतं होतं, त्यांच्या घरीसुद्धा दूध बहुतेक विकायलाच जायचं. घरात उरायचं ते पोरांना आणि म्हाताऱ्यांना, तूप पाहुण्यांना, आणि बाईच्या वाट्याला ताक, तेही उरलं तर. रोज सकाळी दाराशी दुधाची पिशवी येणं ही काही ऋषिमुनींच्या काळापासूनची गोष्ट नाही. देशात ‘ऑपरेशन फ्लड’ १९७० मध्ये सुरू झालं, त्यानंतर शहरात दुधाची रेलचेल झाली. पनीर तर विचारूच नका. तुमच्या आजीनं आयुष्यात कितीदा पनीर केलं होतं? आज मात्र ‘शुद्ध शाकाहारी’ हॉटेलच्या मेनूवर पहिली दोन पानं पनीरची आणि भरीत-भाकरी शेवटी, ‘महाराष्ट्रीयन स्पेशल’ म्हणून.

गरिबीचं कौतुक करायला मी बसलेले नाही. हे जेवण तत्त्वज्ञानातून आलं नाही, ओढाताणीतून आलं. त्यात हाल होते, अर्धपोटी राहणं होतं. पण त्या ओढाताणीत बायकांनी जे डोकं लावलं, दुधाशिवाय दाटपणा कसा आणायचा, अंड्याशिवाय पीठ कसं बांधायचं, आंबवून हलकं कसं करायचं, ते ज्ञान आहे. त्याला ज्ञान म्हणा. तुम्ही त्याला ‘गावठी’ म्हणता आणि तेच इंग्रजी नावानं आलं की मोबाइल काढून फोटो घेता.

आता धंद्याकडे येते.

बदामाच्या दुधाचा लिटरचा डबा अडीचशे-तीनशे रुपयांना मिळतो. मागे छापलेलं वाचा: बहुतेक पाणी, बदाम अगदी थोडे. आता घरचा हिशोब. दीडशे ग्रॅम शेंगदाणे रात्री भिजवा, सकाळी सालं चोळून काढा, मिक्सरमध्ये पाणी घालून बारीक वाटा, फडक्यातून गाळा, पाणी घालून लिटरभर करा आणि ढवळत एक उकळी आणा. पंचवीस रुपयांच्या आत काम. चोथा फेकायचा नाही, चटणीत किंवा थालीपिठात जातो. हेच दूध थोडं दाट ठेवून, कोमट असताना त्यात हिरव्या मिरचीची सात-आठ देठं टाकून उबेला ठेवलं की दही लागतं. थंडीत वेळ जास्त लागेल, धीर धरा. चव गाईच्या दह्यासारखी नसते, शेंगदाण्याची असते. तशी का असू नये? कढी, कोशिंबीर, दहीभात, सगळं होतं.

“शेंगदाण्याचं कसलं आलंय दूध?” असं म्हणणाऱ्यांना एक विचारते. सोलकढीत तुम्ही काय घालता? नारळाचं दूध. मराठीत हा शब्द कंपन्या येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि तेव्हा कोणत्याही गाईच्या भावना दुखावल्या नव्हत्या.

बेकिंगमध्ये तर सगळ्यात मोठा गोंधळ. आपल्याकडे घराघरांत ओव्हन नव्हते, तेव्हाही घरची बिस्किटं होतीच. उन्हाळ्याच्या सुटीत किंवा दिवाळीआधी पीठ, रवा, साखर, डालडा घेऊन बायका भट्टीवर जायच्या, नंबर लावायच्या आणि पत्र्याचा डबा भरून बिस्किटं घेऊन यायच्या. नाशिकपासून मालेगाव-जळगावपर्यंत हे ठाऊक नसलेलं घर विरळा. त्यातलं पीठ दुधाऐवजी पाण्यात नाहीतर नारळाच्या दुधात भिजवा, डालड्याऐवजी तेल घ्या. बिस्किट थोडं कडक होईल, पण चहात बुडवायला कडकच बरं.

केकचं सांगते. दीड वाटी मैदा किंवा बारीक चाळलेली कणीक, एक वाटी साखर, तीन चमचे कोको, एक छोटा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ. दुसऱ्या भांड्यात एक वाटी पाणी, सहा मोठे चमचे तेल, एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. दोन्ही एकत्र करा, जास्त घोटू नका आणि लगेच भाजायला ठेवा, कारण सोडा आणि आंबट एकत्र आले की वायू सुटायला लागतो आणि केक त्यानंच फुगतो. ओव्हन नसेल तर कुकरच्या तळाला मीठ पसरा, रिंग आणि शिट्टी काढा, आधी दहा मिनिटं तापवा, मग मंद आचेवर पाऊण तास. अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही, कंडेन्स्ड मिल्कचा डबा नाही. आणि हा केक कुठल्या महागड्या शेफनं शोधलेला नाही. अमेरिकेत १९३० च्या मंदीपासून महायुद्धाच्या टंचाईपर्यंत, दूध-अंडी-लोणी परवडेना किंवा मिळेना, त्या काळातल्या घरगुती बायकांचा केक म्हणून तो ओळखला जातो. म्हणजे तिकडेही तीच कथा: अडचणीतल्या बाईनं शोधलं आणि दोन पिढ्यांनी दुकानदारानं काचेत मांडलं.

मागे मी एका केकच्या दुकानात विचारलं, “यात दूध आहे का?” काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “ताई, प्युअर व्हेज आहे, एगलेस.” मी परत विचारलं. तो परत म्हणाला, “एगलेस.” त्या पोराची चूक नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नाही. पण ज्या आईच्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे, तिनं या उत्तराचं काय करायचं? पाकिटावरचा हिरवा ठिपका एवढंच सांगतो की आत मांस-अंडं नाही. दूध असेल तरी ठिपका हिरवाच. व्हेगन पदार्थांसाठी एफएसएसएआयनं २०२२ मध्ये वेगळे नियम केले, वेगळं चिन्हही आहे: हिरवं इंग्रजी ‘व्ही’ अक्षर आणि वर पान. पण हे झालं पाकिटाचं. बरणीतल्या सुट्या बिस्किटांवर आणि काचेतल्या केकवर कोण काय छापणार? तिथे विचारणं आणि खरं उत्तर मिळणं, हाच उपाय.

आणि हो, व्हेगन म्हणजे आपोआप पौष्टिक, असंही नाही. डालडा व्हेगनच आहे. साखर, मैदा, वेफर्स, सगळं व्हेगन. त्यामुळे ‘व्हेगन’ लिहिलेलं पाकीट बघून दुप्पट पैसे देणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आता नागली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, आठवतं का? भाषणं झाली, महोत्सव झाले. नागलीत शंभर ग्रॅमला साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात साधारण १२०. (नागलीतलं सगळं अंगी लागत नाही. मोड आणून किंवा आंबवून खाल्ली तर जास्त लागतं, आणि मोडाची नागली आपल्याकडे बाळांना पूर्वापार देतातच.) हे धान्य आपल्या जिल्ह्यात डोंगरउतारावर पिकतं. रोपं लावणं, निंदणी, कापणी, झोडणी, बहुतेक काम बायकांच्या हातचं. २०२५-२६ साठी केंद्राचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये. म्हणजे किलोला ४९ रुपये, तोही हमीभावानं घेणारा भेटला तर. आणि दुकानात नागलीच्या बिस्किटांचं छोटं पाकीट? शंभरच्या पुढे, वर ‘ग्लूटेन-फ्री, व्हेगन, सुपरफूड’. आत वाचलंत तर अर्धा गहू निघतो, हा भाग वेगळा. सुपरफूड पिकवणारी बाई सुपर का नाही झाली, हा माझा साधा प्रश्न आहे.

“मग दूधवाल्या शेतकऱ्यानं काय करायचं? त्याच्या पोटावर पाय देता का?” प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. पण सांगा, त्याच्या पोटावर आत्ता पाय कुणाचा आहे? २०१८ मध्ये शेतकऱ्यांनी दूध रस्त्यावर ओतलं, तेव्हा ते व्हेगन लोकांमुळे ओतलं का? २०२४ मध्ये सरकारला लिटरमागं पाच रुपये अनुदान द्यावं लागलं, ते माझ्या शेंगदाण्याच्या दुधामुळे का? आणि पनीर म्हणून जे विकलं जातं, त्यात दुधाच्या फॅटऐवजी स्वस्त वनस्पती तेल घातलेला माल किती? २०२५ मध्ये हा विषय विधानसभेत गाजला. तो माल ना धड दुधाचा ना धड व्हेगन, आणि त्यानं शेतकऱ्याचं दूधही मारलं आणि खाणाऱ्याला फसवलंही. डिसेंबर २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासन खातं आपल्याच जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या आमदारांकडे, नरहरी झिरवाळांकडे आलं. तेव्हा नाशिककरांनी हा प्रश्न मोठ्यानं विचारायला काही हरकत नाही.

आणि एक गोष्ट, जी गोठ्यात सगळ्यांना ठाऊक असते आणि ताटाशी कुणी बोलत नाही. संकरित गाय दूध देते, कारण ती विते. विते तेव्हा निम्म्या वेळी गोऱ्हा होतो. नांगर ट्रॅक्टरला गेला, गोऱ्ह्याला काम उरलं नाही. २०१५ पासून राज्यात बैल कापायलाही बंदी आहे. मग तो गोऱ्हा जातो कुठे? शेतकऱ्याला दोष देऊ नका, न मिळवणारं तोंड तो कशावर पोसणार? पण ‘शुद्ध’, ‘सात्त्विक’ अशा पाट्या लावून पनीर बटर मसाला खाणाऱ्यांनी हा प्रश्न एकदा स्वतःला विचारावा. मी दूध सोडलं ते याच प्रश्नावर. तुम्ही सोडा असं मी म्हणत नाही, पण प्रश्न ऐका तरी.

इथेच माझं माझ्या बाजूच्या लोकांशीही भांडण आहे, आणि ते आज जाहीर करते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. जे खात नाहीत त्यांना केळं किंवा दुसरं फळ. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्या अंड्याचा खर्च बंद केला. द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या म्हणे. सुरगाण्याच्या पाड्यावर लोकवर्गणी! आणि यावर टाळ्या कुणी वाजवल्या? शहरातल्या काही ‘अहिंसा’वाल्यांनी. मी अंडं खात नाही. पण ज्या पोराला आठवड्यातून एकदा ते मिळत होतं, त्याच्या ताटातून ते काढताना माझ्या नावाचा वापर करू नका. बिनअंड्याचा आहार पोराला पुरवता येतो, नक्की येतो. त्यासाठी रोज डाळ, उसळ, शेंगदाणे-तिळाची चिक्की, नागली, हिरव्या भाज्या भरपूर द्याव्या लागतात आणि त्याला पैसे पडतात. ते पैसे न देता फक्त अंडं काढून घेतलं, तर त्याला अहिंसा म्हणत नाहीत, काटकसर म्हणतात. आणि तीही दुसऱ्याच्या पोराच्या पोटावर.

स्वतःच्या ताटाचा निर्णय स्वतः करावा. सोसायटीत शेजारी काय शिजवतो म्हणून नाक मुरडणारा, भाडेकरूला ‘नॉनव्हेज चालणार नाही’ सांगणारा माणूस माझा मित्र नाही, मग त्याच्या फ्रिजमध्ये बदामाचं दूध असो नाहीतर म्हशीचं.

अजून एक, जबाबदारीनं सांगते. पूर्ण व्हेगन खाणाऱ्यांनी बी-१२ ची गोळी घ्यावीच. ते झाडपाल्यातून भरवशानं मिळत नाही. ‘आमच्या पूर्वजांना लागत नव्हतं’ हे उत्तर नाही. लहान मुलं, गरोदर बायका, दूध पाजणाऱ्या आया यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. व्हॉट्सॲपवर वाचून घरातल्या लेकराचं दूध तोडू नका.

आता मागण्या. नुसतं बोलून काय उपयोग?

१. नाशिकमधल्या बेकऱ्यांनी आणि घरून केक विकणाऱ्या ताईंनी काउंटरवर किंवा ऑर्डरच्या मेसेजमध्ये चार ओळी लिहाव्यात: दूध आहे की नाही, अंडं आहे की नाही, फॅट कोणतं, शेंगदाणे-सुकामेवा आहे का. याला खर्च शून्य.

२. हॉटेलवाल्यांनी पनीर दुधाचं आहे की वनस्पती तेलाचं, ते मेनूवर लिहावं. आणि भरीत-भाकरी, शेंगोळी, झुणका पहिल्या पानावर आणावेत. वर तुपाची धार सोडण्याआधी गिऱ्हाइकाला विचारावं.

३. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रस्ते, घाट, पूल यांची चर्चा रोज होते. जे लाखो लोक येणार, ते काय खाणार? पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या महिला बचत गटांना नागलीची भाकरी, भगर, आमटी, चटणी विकायला मोक्याच्या जागा द्या, कमी भाड्यात. मोठ्या कंपन्यांचे स्टॉल लागतीलच, त्यांची काळजी कुणी करायला नको.

४. शाळेच्या आहारातलं अंडं परत सुरू करा. आणि जे खात नाहीत त्यांना केळ्यावर बोळवण नको. चिक्की, उसळ, नागली असं तोलामोलाचं काहीतरी द्या.

आणि तुम्हाआम्हाला एकच सांगणं. आईला, आजीला, मावशीला आज फोन करा आणि विचारा, “घरात दूध नसायचं तेव्हा तुम्ही काय करायचात?” जे उत्तर येईल ते खाली कमेंटमध्ये लिहा, मापासकट लिहा. ‘अंदाजे’ चालणार नाही, मावशींना जरा खोदून विचारा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खुशाल भांडा, उत्तर देईन. शिव्या दिल्यात तर ब्लॉक करीन.

#नाशिक #बिनदुधाचं_ताट #नागली #सिंहस्थ२०२७